काशीत सोडलेली भाजी

माझी पंचाहत्तरी उलटली. नातवंडं परभणीहून येताना पिशवीभर बाटल्या आणतात. ही हाडांची, ही रक्ताची, ही म्हणे प्रतिकारशक्तीची. मी घेते. का घेऊ नये? गोळीशी माझं वैर नाही. पण म्हातारपण धडधाकट कसं काढावं असं कुणी विचारलं, की मला बाटली आठवत नाही. मला माझ्या सासूबाई आठवतात, धुरपदाबाई. पंच्याऐंशी वर्षं जगल्या आणि शेवटच्या हिवाळ्यापर्यंत स्वतःची भाकरी स्वतः थापली. त्यांच्या या दणकट तब्येतीत मध्येच पाच-सहा वर्षांचा एक खड्डा पडला होता. ही गोष्ट त्या खड्ड्याची आहे, आणि तिच्यात माझी एक लबाडीही आहे.

सोनपेठपासून दोन कोसांवर, गोदावरीच्या काठी आमचं गाव. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. मी परभणीची, निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, आणि त्या चौथीचा मला भारी तोरा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बाई उंच, काटक. आवाज असा की नदीपलीकडच्या ढोरानं मान वर करून बघावं. पहाटे जातं, दिवसभर रान, दिवे लागायच्या आत जेवण, आणि पाठ टेकली की झोप. आजारी पडणं हा त्यांना आळसाचाच एक प्रकार वाटायचा. मला सर्दी झाली की म्हणायच्या, "शिकलेल्या नाकाला वारं सोसंना व्हय?" मला राग यायचा. आठवलं की अजूनही येतो.

त्यांचं वेड एकच, हिरवा पाला. रानातून येताना ओटीत काहीतरी असायचंच. पाथरी, घोळ, तांदुळजा, नाहीतर हरभऱ्याचे कोवळे शेंडे. निम्मं चुलीवर जायचं आणि निम्मं कच्चंच चिरून, तेल-तिखट आणि शेंगदाण्याचा कूट घालून त्याचा घोळाना व्हायचा. तो वाडगाभर खाऊन त्या डोळे मिटून बसायच्या. शेजारच्या छबूबाई ही त्यांची जुनी मैत्रीण. त्या कुंपणावरून ओरडायच्या, "धुरपदे, म्हशीला काय ठिवलंस का न्हाई?"

पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात गावातली बारा माणसं काशीला निघाली. त्यात आत्याबाई आणि छबूबाई होत्या. मला तेव्हा तिसरा महिना होता. त्याआधी माझी दोन लेकरं गेली होती. एक अकरा दिवसांचं, एक आठ महिन्यांचं. मला वाटलं होतं, या वेळी सासू माझ्यापाशी राहील, दोन शब्द धीराचे बोलेल. ती गाठोडं बांधून चालू लागली. मी मनात म्हणाले, जा, तुझं पुण्य तुलाच लखलाभ. हा राग मी पाच वर्षं चांगला खतपाणी घालून वाढवला.

काशीला गेलं की आपली एक आवडती वस्तू कायमची सोडायची, अशी रीत आहे. लोक त्यातून वाट काढण्यात पटाईत. छबूबाई कारलं सोडून आल्या. जन्मात त्यांनी कारलं तोंडात घातलेलं नव्हतं. एका म्हातारबुवांनी अंजीर सोडलं. ते त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. आत्याबाईंनी घरी आल्यावर गंगाजळाची लोटी देवापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "म्या हिरवा पाला सोडला."

"कोंचा?" मी विचारलं.

"समदाच."

पुढच्या श्रावणात कमल झाली. टिकली. बाळसं धरलं, रांगली, चालली, आणि आजीच्या कडेवरून उतरेना झाली.

पहिली दोन-तीन वर्षं आत्याबाईंच्या तब्येतीचं काही लक्षात आलं नाही. भाकरी, तुरीचं वरण आणि मिरचीचा ठेचा एवढ्यावर त्या भागवायच्या. म्हशीचं दूध होतं, पण ते कमलचं. माझ्या चहात दोन थेंब जास्त पडले तर त्या भांडं उचलून बघायच्या. स्वतः तर शिवायच्याही नाहीत. मग एका हिवाळ्यात खोकला आला आणि दोन महिने मुक्कामाला राहिला. अंगाची कातडी खरखरीत झाली. गावात तापाची साथ आली की पहिलं आमचं घर. आजारपणाला आळस म्हणणारी बाई भरदुपारी घोंगडी ओढून पडायला लागली. आणि चौपन्न साली दिवाळीच्या सुमाराला मला म्हणाल्या, "आताशा अंधार लवकर पडायलाय गं."

"हिवाळा हाय आत्याबाई," मी म्हणाले.

हिवाळ्याचा काही संबंध नव्हता. चार दिवसांनी तिन्हीसांजेला त्या कमलला कडेवर घेऊन गोठ्याकडून येत होत्या, आणि अंगणात उभ्या असलेल्या बैलगाडीवर सरळ चालून गेल्या. कमलला त्यांनी वरच्या वर धरलं, पण स्वतःचा गुडघा फोडून घेतला. गाडी रोज तिथंच उभी असायची. त्यांना ती दिसलीच नव्हती. त्या दिवसापासून दिवे लागले की त्या ओट्यावर एका जागी बसून राहायच्या. हाक मारली की आवाजाच्या बाजूला तोंड वळवायच्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई अशी गप्प बसलेली बघून मला भीती वाटली. सासूवर राग असणं वेगळं आणि सासू डोळ्यांदेखत विझत चाललेली बघणं वेगळं.

आमचे हे, म्हणजे राधाकिशन (आता या वयात नाव घ्यायला कसली लाज!) गाडी जुंपून आम्हा दोघींना सोनपेठच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं बन्सीधर नावाचे कंपाउंडर होते. त्यांनी आत्याबाईंचे डोळे पाहिले, हाताची कातडी पाहिली आणि विचारलं, "मावशी, पालेभाजी खाता का?"

"काशीला सोडली."

"सगळी?"

"सगळी."

बन्सीधरांनी कपाळावर हात मारून घेतला. "लोक काशीला पाप सोडून येतात. तुमी तर डोळेच सोडून आलात." मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. हिरवा पाला, गाजर, पिकला आंबा, दूध-लोणी यांत डोळ्याला लागणारी एक चीज असते. ती पोटात गेली नाही तर आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं, कातडी बिघडते, आणि अंगाची रोगाशी झुंजायची ताकदही जाते. म्हातारपणी तर जास्तच. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाला सोडून दुसरं काय आसंल तर द्या."

बन्सीधरांनी गोळ्यांची एक बाटली दिली. मला मात्र बाजूला बोलावलं. "म्हातारीच्या गळ्यात माळ हाय. ह्या गोळ्यांत माशाचं तेल हाय. गुण हमखास येणार. सांगायचं का न्हाई ते तुमी बगा. मी तुमाला सांगितलं, माझी जिम्मेदारी संपली."

माझी मात्र तिथंच सुरू झाली. आत्याबाईंच्या गळ्यात बाराव्या वर्षापासून तुळशीची माळ. मटण-मासळीचं भांडं ज्या घरात असेल तिथं त्या पाणी पीत नसत. बाटलीवर कागद होता, त्यावरचं इंग्रजी मला येत नव्हतं. पण कागदावर एक मासाही होता, आणि चित्र वाचायला शाळा लागत नाही. घरी आल्यावर मी बाटली रांजणाच्या पाण्यात बुडवून ठेवली आणि नखानं कागद खरवडून काढला. रोज जेवणानंतर एक गोळी हातावर ठेवायची. "रक्ताची हाय," असं सांगायची. त्या पाण्याबरोबर गिळायच्या आणि म्हणायच्या, "सरकार बी आताशा बरं ध्यान द्यायलंय."

बाराव्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी ओट्यावरून मला विचारलं, "कपाळाला कुकू वाकडं कामून लावलंस?" मी आत जाऊन रडले. त्या हिवाळ्यात खोकला आला नाही. कातडी मऊ झाली, आवाज परत नदीपलीकडे जाऊ लागला. मला माझ्या लबाडीचा अभिमान वाटत होता, हेही कबूल करते.

चैत्रात ऊन तापलं. भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या बाटलीत गोळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटल्या, दोन फुटल्या. मी कामात होते म्हणून आत्याबाईंनी स्वतःच गोळी काढायला बाटलीत बोट घातलं आणि ते नाकाशी नेलं. नदीकाठच्या माणसाला मासा वासावरून कळतो, खात नसला तरी.

"दैवशाला, हे काय हाय?"

रक्ताची गोळी, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण त्यांच्या तोंडाकडे बघून बोलवेना. "माशाचं तेल हाय, आत्याबाई."

"तुला ठावं होतं?"

"होतं."

"पयल्यापासनं?"

"पयल्यापासनं."

बाटली खाली ठेवून त्या तशाच अनवाणी भर उन्हात नदीवर गेल्या, डोक्यावरून अंघोळ केली, दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. कमलचे वडील माझ्यावर ओरडले ते वेगळंच. मला वाटलं, आता माहेरी पोचवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी मला समोर बसवलं.

"तू डोळ्यासाठी दिलंस. म्या न कळता खाल्लं. मंग पाप तुझं आन् डोळे माझे. वाटणी झाली. आता पुना ही गोष्ट काढू नको."

त्यांनी खरोखरच ती कधी काढली नाही. उरलेल्या गोळ्या मी बन्सीधरांना परत दिल्या. मग आंबे आले, दोन महिने बरे गेले. आंबे संपले, श्रावण सरता सरता अंधार पुन्हा लवकर पडायला लागला. ताप आला, गेला, परत आला. सणासुदीला त्या ओट्यावर बसून राहू लागल्या, आणि माझा तोल सुटला. मी नको ते बोलले. "गोळी नको, पाला नको, दूध नको. मंग हवं तरी काय? काशीची गंगा काय तुमच्या ताटात बगायला येणार हाय?"

"बोलू नको," एवढंच त्या म्हणाल्या.

दसरा झाला. छबूबाईंच्या ओसरीवर आम्ही दोघी तूर निवडत होतो. मी सासूचं रडगाणं लावलं होतं. हट्टी आहे, देवभोळी आहे, मी पोटुशी असताना टाकून गेली, सगळं. छबूबाईंचा सुपातला हात थांबला.

"तुला तिनं सांगितलं न्हाई?"

"काय?"

"आगं, घाटावर भटजीनं इचारलं, काय सोडता. म्या कारलं म्हनून मोकळी झाले. ही आपली पाण्यात हुबी. म्या म्हनलं, धुरपदे, तू बी कारलं म्हन, कोन बगायलंय? तर माझ्यावरच डाफरली. म्हनली, माझ्या सुनंचे दोन गेलेत, तिसऱ्यासाठी मागायला आलेय. कारल्यावर लेकरू मिळतंय व्हय? आन् हात जोडून म्हनली, माय, मला सगळ्यात गोड लागतंय ते घे, आन् दैवशालाचं लेकरू ठिव."

पाच वर्षं मी जिच्यावर रुसून होते, ती माझ्यासाठीच गेली होती. माझी मलाच इतकी लाज वाटली की तूर तशीच टाकून मी उठले.

आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले. "छबूबाईनं सांगितलं."

"तिच्या तोंडाला झाकण न्हाई."

"भाजी खा आत्याबाई. कमल पाच वर्षांची झाली आता."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. दिसत नव्हतं, तरी बरोबर डोळ्यांत बघितल्यासारखं. "आन् पोरीला काय झालं तर? दोन लेकरं तू पुरलीस. तू सांग. खाऊ का?"

मला 'खा' म्हणता आलं नाही. बन्सीधरांचं सगळं पटलेलं असूनही आलं नाही. माझी चौथी तिथंच संपली.

तीन दिवस मी तेच डोक्यात घोळवत होते. आमच्याकडे पाच घरांची सावड होती. एकमेकींच्या रानात पाळीनं खुरपायला जायचं, कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही. आत्याबाई आजारी, म्हणून त्यांच्या पाळीला मी जात होते. तिसऱ्या दिवशी छबूबाईंच्या रानात खुरपता खुरपता मला सुचलं. घरी येऊन हातपायही न धुता मी विचारलं.

"आत्याबाई, सावडीला तुमच्या जागी मी जायलेय. छबूबाई म्हणतात का, मला धुरपदाच पायजे?"

"न्हाई. घरातलं मानूस आलं की झालं."

"तुमचा दिवस भरतो ना?"

"भरतो की."

"मंग हे बी सावडीचंच धरा. तुमच्या जागी मी सोडते. लेकरू तर माझंच हाय."

त्यांनी बोटांवर पाचही घरांच्या पाळ्या मोजून बघितल्या. मग म्हणाल्या, "काय सोडशील? कारलं?"

"च्या."

आता हे वाचणाऱ्याला हसू येईल. पण मी चहाची कशी वेडी होते ते आत्याबाईंनाच ठाऊक. परभणीहून सासरी येताना मी पेटीत चहापत्तीचा डबा आणला होता, तेव्हा गावात तीन घरांत चहा होत होता. सकाळचा पहिला चहा पोटात गेल्याशिवाय मला माणसं ओळखू येत नसत.

"जमंल?" त्यांनी विचारलं.

"जमंल."

"डोस्कं दुखंल."

"दुखू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गंगेवर गेलो. कंबरभर पाण्यात उभं राहून मी हात जोडले आणि चहा सोडला. मग आत्याबाई त्यांच्या त्या आवाजात पाण्याशी बोलल्या. एखाद्या शेजारणीला निरोप द्यावा तशा. "माय, तिकडं कळीव. माझ्या जागंवर सून आलीय. दिलेलं वापस घ्यायली न्हाई, फकस्त मानूस बदलायलेय. रागावू नको."

येताना आमच्या रानातून वाट होती. ज्वारी वीतभर वर आलेली, आणि सऱ्यांमधून पाथरी. आत्याबाई खाली वाकल्या, एक कोवळं पान खुडलं, पदराला पुसलं आणि हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते तोंडात घातलं. सावकाश चावलं. डोळे मिटले नाहीत. उलट मोठे उघडे ठेवून घराच्या दिशेनं बघत राहिल्या. गिळलं, आणि तशाच ओल्या लुगड्यानं झपाझप चालत सुटल्या. मी मागून पळत घरी पोचले तर त्यांनी झोपलेल्या कमलच्या कपाळावर हात ठेवला होता.

"ताप न्हाई," त्या म्हणाल्या.

मग ते रोजचं झालं. सकाळी उठलं की आधी कमलच्या कपाळाला हात, मग देवाला. पोरगी शिंकली तरी त्या ताटातली भाजी बाजूला सारायच्या आणि ती पुन्हा खेळायला पळेपर्यंत भाजीला हात लावायच्या नाहीत. मीही त्यांच्यासारखीच. त्या तपासून गेल्या की मी हळूच जाऊन परत बघायची. आणि माझं डोकं! पहिले आठ दिवस कुणीतरी आतून उखळात कांडतंय असं वाटत होतं. छबूबाईंच्या चुलीवरचा चहाचा वास भिंत ओलांडून यायचा आणि मी विनाकारण भांडी आपटायची. आत्याबाई म्हणायच्या, "न्हाई जमलं तर सांग. म्या पाला ठिवते खाली." ही थट्टा नव्हती. मी सांगितलं असतं तर त्यांनी खरंच ठेवला असता.

आणि खरं ते सांगायलाच हवं. गोळीनं जे बारा दिवसांत केलं, त्याला पाल्यानं दीड महिना घेतला. पण पाल्याबरोबर बाकीचंही परत आलं. पाला खुडायला त्या रानात जाऊ लागल्या. रानात गेल्या म्हणून भूक लागू लागली, भूक लागली म्हणून झोप येऊ लागली. बन्सीधरांनी सांगितलेली चीज पानात होती हे खरं, पण पान आपण होऊन ताटात येत नाही. त्याच्यासाठी वाकावं लागतं. खोकला त्या हिवाळ्यात चार दिवस आला आणि जागा मिळेना म्हणून निघून गेला.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी मी दिवा लावून बाहेर आणत होते. दारापर्यंत पोचले तोच ओट्यावरून आत्याबाईंचा आवाज आला. कमल गल्लीच्या तोंडाशी पोरींबरोबर होती, चांगली वीस पावलं लांब, आणि उजेड जवळजवळ गेलेला.

"कमळे, परकराला गाळ कुठनं भरून आणलास गं? पाठीमागं सारा भरलाय!"

मी दिवा घेऊन तशीच उभी राहिले. मला त्या वेळी कमलच्या परकरावरचा गाळ दिसत नव्हता. आत्याबाईंना दिसत होता. त्या पोरीला रागावत होत्या, पोरगी पळत होती, आणि मला एकदम आठवलं की आज सकाळी उठल्या उठल्या त्या खुरपं घेऊन रानात गेल्या होत्या. कमलच्या कपाळाला हात न लावताच. काल लावला होता का, ते आठवून बघितलं. कालही नव्हता.

मी त्यांना आठवण करून दिली नाही.